गावात राहून शेल्टरमधलं कुत्रं आणायचं असेल तर

आमच्या विदर्भातल्या गावात कुत्रं पाळणं म्हणजे काय, तर ते दारात बसते, उरलीसुरली भाकर खाते, रात्री कोणी आलं की भुंकते, आणि एखाद्या दिवशी दिसलं नाही तर घरचे म्हणतात गेलं असन कुठं. बस. त्याला कधी लस नाही, कधी डॉक्टर नाही. मी पण अशाच घरात वाढले, त्यामुळे कोणाला नावं ठेवायची नाहीत, पण गेली चार वर्षं मी जिल्ह्याच्या गावी एका शेल्टरला, म्हणजे जखमी-बेवारस जनावरं सांभाळतात तिथं, रविवारी जाते, तिथूनच आमची कुत्री मैना आणली, आणि आता आजूबाजूच्या गावातले लोक विचारतात ताई आम्हालाही आणायचं आहे, कसं करायचं, तर प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहूनच टाकते.

पहिली गोष्ट, कुत्रं आणायला जाऊ नका. आधी नुसतं जा. तीन-चार रविवार जा, काम करा, आणि मग आणायचं की नाही ते ठरवा. लोकांना हे आवडत नाही, गाडी करून जायचं, पिल्लू उचलायचं आणि संध्याकाळपर्यंत घरी, असं पाहिजे असते. पण चार रविवारात तुम्हाला समजते की कोणतं कुत्रं कसं आहे, आणि शेल्टरवाल्यांना समजते की तुम्ही कसे आहात, हे दोन्ही तितकंच महत्त्वाचं.

शेल्टर कुठे आहे असं विचारत असाल तर वर्ध्याला पिपरी मेघेला करुणाश्रम आहे, नागपुरात वेगवेगळ्या संस्था आहेत, बाकी जिल्ह्यांच्या गावी कोणी ना कोणी चार पोरं मिळून जखमी जनावरं सांभाळतातच, फक्त त्यांचा बोर्ड नसतो. तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टरला किंवा तिथल्या ड्रेसरभाऊला विचारा, त्यांना बरोबर माहीत असते की जखमी कुत्री दवाखान्यात कोण घेऊन येते. नागपूरला सेमिनरी हिल्सवर व्हेटर्नरी कॉलेज आहे, १९५८ पासूनचं, अकोल्यालाही आहे, तिथं शिकणाऱ्या पोरापोरींनाही हे सगळं ठाऊक असते.

जाताना जुने कपडे, पायात बूट, ओढणी लोंबकळत नको, हातात काचेच्या बांगड्या नको. शेल्टरला नेहमी जायचं पक्कं असेल तर आधी डॉक्टरशी बोलून रेबीजची लस घेऊन ठेवा, कुत्रं चावायच्या आधी घ्यायची लस वेगळ्या कोर्सनं देतात, आणि ती घेतली असली तरी चावल्यावर पुन्हा दवाखान्यात जावंच लागते. धनुर्वाताचं इंजेक्शन पण झालेलं असावं.

पहिल्या दिवशी तुम्हाला कोणी पिल्लू मांडीवर देणार नाही, खराटा देतील. आणि ते झाडणं-धुणं नीट शिकून घ्या कारण शेल्टरमधली निम्मी पिल्लं साफसफाईच्या जोरावर वाचतात असं माझं मत आहे. आपण घरी फिनाईल टाकलं की झालं समजतो. पार्वो म्हणजे पिल्लांना उलट्या आणि रक्ताची संडास लावणारा आजार, त्याचा विषाणू फिनाईलनं मरत नाही, त्याला ब्लीच लागते. आधी घाण पूर्ण काढायची, पाण्यानं धुवायचं, मग एक मग ब्लीच आणि तीस मग पाणी असं करून फरशीवर टाकायचं आणि दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं, लगेच पुसायचं नाही, मग पुन्हा साधं पाणी. घाणीवरच ब्लीच ओतलं तर काही उपयोग होत नाही. आणि ब्लीचमध्ये संडासचं अ‍ॅसिड किंवा दुसरं काही मिसळायचं नाही, विषारी वायू होते, हे पोरांना दहा वेळा सांगा. आजारी पिल्लांची खोली सगळ्यात शेवटी साफ करायची, पहिले नाही. घरी बिनालसीचं पिल्लू असेल तर शेल्टरचे बूट घरात आणायचे नाहीत.

हे मी एवढं जोर देऊन सांगते त्याला कारण आहे. शेल्टरला जायच्या आधीची गोष्ट, बसस्टँडजवळून एक पिल्लू उचलून आणलं होतं, दीड महिन्याचं असेल, लस नाही, काही नाही. पाचव्या दिवशी खाणं सोडलं, मग उलट्या, मग रक्ताची संडास, त्याचा तो वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही, आणि तीन दिवसात गेलं. मला वाटलं आपल्या हाताला यश नाही. दोन महिन्यांनी दुसरं आणलं, त्याच अंगणात, त्याच पोत्यावर झोपवलं. तेही तसंच गेलं. नंतर डॉक्टरनं सांगितलं की हा विषाणू मातीत कितीतरी महिने, वर्षभरसुद्धा टिकते. ते पोतं मी जाळायला पाहिजे होतं आणि दुसरं पिल्लू पूर्ण लसी झाल्याशिवाय त्या अंगणात आणायलाच नको होतं. तेव्हा कोणी सांगणारं नव्हतं, म्हणून आता मी सांगते.

आता कुत्र्याशी कसं वागायचं ते. शेल्टरमधल्या कुत्र्याच्या डोळ्यात डोळे घालून पाहू नका, वरून डोक्यावर हात नेऊ नका, मारायला उगारलेला हात त्यानं वरूनच पाहिलेला असते. बाजूनं बसा, पाठ करून बसलात तरी चालते, हात खाली जमिनीजवळ ठेवा, त्याला हुंगू द्या. मैना तेव्हा औषधाच्या खोलीत सिमेंटच्या ओट्याखाली घुसून बसायची, बाहेर यायचीच नाही, भाकर सरकवली तर मी गेल्यावर खायची. मी दोन रविवार त्या ओट्याला पाठ लावून नुसती बसले, जुने कपडे फाडून पट्ट्या करत. तिसऱ्या रविवारी पट्ट्या करता करता पायाला काहीतरी गरम लागलं, खाली पाहिलं तर तिनं हनुवटी माझ्या बुटावर ठेवली होती, बाकी अंग ओट्याखालीच. मी हललेच नाही, पाय मुंग्या येऊन बधिर झाला तरी.

ज्यांना दर रविवारी जमत नाही त्यांनी सामान पोचवावं. शेल्टरला खरी गरज असते ती जुन्या साड्या, गोधड्या, धुतलेली रिकामी पोती, रद्दी, ज्वारीचं पीठ आणि तांदळाची कणी यांची. भंडारा-गोंदियाकडचे लोक राइस मिलमधून कणीचं एक पोतं नेऊन देतील तर फार मोठं काम होते. लग्नातलं, तेरवीचं उरलेलं मसालेदार जेवण नेऊ नका, त्यात कांदा-लसूण असते, हाडं असतात, शेल्टरवाल्यांना भीड पडते आणि मग ते फेकायचं काम वाढते. खतं-कीटकनाशकांची रिकामी पोती तर अजिबातच नको, कितीही धुतली तरी.

आता निवड. मी सरळ सांगते, मादी घ्या आणि मोठी घ्या.

गावात सगळ्यांना नर पाहिजे असते. भादव्यात कुत्र्यांचा हंगाम असते, कुत्री साधारण त्रेसष्ट दिवसांनी विते, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे पिल्लं होतात आणि मग थंडीत गावोगावी वाटप सुरू होते, नर नर उचलले जातात आणि माद्या राहतात. राहिलेल्यांचं काय होते ते गावात सगळ्यांना माहीत आहे, पोत्यात भरून नाल्यापलीकडे, धरणाच्या पाळीवर, दुसऱ्या गावच्या शिवेवर. शेल्टरमध्ये जानेवारीत गेलं तर दिसते, एका खोक्यात सहा पिल्लं असली तर पाच माद्या. मैनाला घेऊन मी उतरले तेव्हा सासूबाई ओसरीतूनच म्हणाल्या, "काय वं पोरी, कुत्रीन कायले आणली? पिल्लं कोण सांभाळन?" मी म्हटलं आई, हिचं ऑपरेशन झालं आहे, हिला पिल्लं होणारच नाहीत. त्यांना ते खरं वाटायला एक पूर्ण भादवा जावा लागला, दारात एकही कुत्रा भांडायला आला नाही तेव्हा त्यांनीच शेजारच्या काकूंना सांगितलं की ऑपरेशनवाली कुत्री बरी.

तर ऑपरेशन. साधारण सहा महिन्यांनंतर करता येते. शेल्टरमधल्या मोठ्या कुत्र्यांचं बहुतेक झालेलंच असते, कानाचा छोटा तुकडा कापलेला दिसला तर समजायचं की नसबंदी झाली. हे सगळं केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे चालते, त्यातच असं आहे की रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि लस करून त्याला परत त्याच जागी सोडायचं. म्हणून गावातली कुत्री ट्रॅक्टरमध्ये भरून जंगलात सोडून देणं बरोबर नाही, आणि त्यानं प्रश्न पण सुटत नाही, रिकाम्या जागेवर दुसरी येतातच. पिल्लू नेत असाल तर ऑपरेशन कोणत्या महिन्यात, कुठं, कोण करणार हे शेल्टरमध्येच विचारून लिहून घ्या. ऑपरेशननंतर सात ते दहा दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत आणि मातीत लोळू द्यायचं नाही, पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की किडे पडतात, त्यामुळे जमलं तर ऑपरेशन हिवाळ्यात करा.

मोठं घ्या असं का म्हणते, तर शेतकऱ्याच्या घरी मृगापासून कापूस वेचून होईपर्यंत कोणाला फुरसत नसते. पिल्लाला दिवसातून चार वेळा खाणं, सारखी शी-शू, लसीच्या तारखा. दोन-तीन वर्षांचं कुत्रं शेल्टरमध्ये कसं वागते ते तुम्ही डोळ्यानं पाहिलेलं असते. आणि लॅब्राडोर, हस्की कोणी फुकट देते म्हणून घेऊ नका. आपल्याकडे उन्हाळा पंचेचाळीसच्या वर जाते, आपलं गावरान कुत्रं ते कसंबसं काढते, केसाळ कुत्र्याचा नुसता छळ होते.

कागदपत्रांचं फार काही नाही, फॉर्म, आधारची झेरॉक्स, घराचा फोटो किंवा कोणीतरी येऊन घर पाहून जाते, आणि एक लिहून घेतात की लसी करू, नसबंदी करू, चोवीस तास बांधून ठेवणार नाही, जमलं नाही तर परत आणून देऊ. काही लोकांना याचा राग येते, की एवढं काय, कुत्रंच तर आहे. राग मानू नका, पोरगी द्यायची तर घर पाहतोच की आपण. उलट तुम्हीच विचारा. लसीचं कार्ड, जंताचं औषध कधी दिलं, गोचिडताप झाला होता का, काय खाते, आणि आपल्यासाठी मुख्य म्हणजे कोंबड्या-बकऱ्यांसमोर कसं वागते. शेल्टरमधल्या कुत्र्यानं कधी कोंबडी पाहिलेलीच नसते. मैनानं पहिल्याच दिवशी आमच्या कोंबड्याच्या मागे अशी धाव घेतली की दावं माझ्या हातातून निसटता निसटता राहिलं. पहिला महिनाभर कोंबड्या मोकळ्या असताना कुत्रं लांब दोरीला ठेवा, त्यानं कोंबडीकडे पाहून मान फिरवली की लगेच भाकरीचा तुकडा, एवढंच करत राहायचं. मारून हे येत नाही.

घरी आणल्यावर पहिले तीन दिवस आंघोळ नाही, शेजारपाजारच्यांची गर्दी नाही, एक कोपरा सावलीचा, पाणी, पोतं आणि शांतता. पंधरा-वीस दिवस मोकळं सोडायचंच नाही, गावातली कुत्री नव्याला फाडतात आणि घाबरलेलं कुत्रं एकदा वावरांमधून सुटलं की सापडत नाही. पट्ट्यावर फोन नंबर लिहा. आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांनी रात्री कुत्रं आत घ्या, बाहेर साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यापुढे वाढलेलं ताट, त्याला पळता पण येत नाही.

लसी. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो आणि डिस्टेंपर (हाही पिल्लांचा जीवघेणा आजार) यांची लस सुरू करतात आणि चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, रेबीजची तिसऱ्या महिन्यात आणि मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, पुढे दरवर्षी. तालुक्याच्या दवाखान्यात रेबीजची मिळू शकते, पण पार्वोची बहुतेक शहरातून विकत आणावी लागते आणि इथंच गडबड होते, ही लस थंडीतच राहिली पाहिजे, २ ते ८ डिग्री. मे महिन्यात गाडीच्या डिकीत टाकून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी टोचणं. थर्मासमध्ये बर्फ, त्यात प्लास्टिकच्या डबीत लस, बर्फाला सरळ चिकटून नको, आणि घरी न थांबता थेट दवाखाना.

खाण्याचं सोपं आहे. ज्वारीची भाकर कुस्करून, बिनफोडणीचं वरण, अंडं, कधी उकडलेलं चिकन पण हाड काढून, शिजलेलं हाड टोकदार तुटते आणि आतड्यात रुतते. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट नाही. पिल्लाला गाईचं-म्हशीचं दूध दिलं की बऱ्याचदा हगवण लागते. आणि ताप आला म्हणून आपली पॅरासिटामोलची गोळी देऊ नका, मांजराला तर एका गोळीतही जीव गमवावा लागू शकते.

गोचिड. जिथं ढोरांचा कोठा आहे तिथं गोचिड आहेच. ढोरांवर मारायचं औषध तसंच कुत्र्यावर ओततात, कोणी रॉकेल लावते, कुत्रं अंग चाटते आणि विषबाधा होते. डॉक्टरकडून कुत्र्याच्या वजनाप्रमाणे औषध घ्या. रोज संध्याकाळी हात फिरवा, कानाच्या आत, बोटांच्या मधे, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी, चिमट्यानं मुळातून सरळ ओढून काढा आणि साबणाच्या पाण्यात टाका, नखानं फोडू नका. खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर तो गोचिडताप असू शकते, त्याच दिवशी रक्त तपासायला न्या. आम्ही कोठ्याच्या भिंतीच्या भेगा लिंपून घेतल्या, त्यानंतर फरक पडला.

फवारणीचं तर डोळ्यात तेल घालून पाहा. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली ते आपण विसरलो नाही, कुत्रं तर त्याच कपाशीतून पायानं चालते आणि मग पाय चाटते, ड्रमातलं पाणी पिते. फवारणीच्या दिवशी कुत्रं घरीच ठेवा. तोंडातून फेस-लाळ, अंगाला कंप, बाहुल्या एकदम बारीक झाल्या तर वाट पाहू नका, अंगावर फवारणीचं औषध असेल तर हातमोजे घालून साबणानं धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना, डबा पाहून डॉक्टरला उपाय ठरवता येते. गाडीची सोय नसेल तर १९६२ ला फोन लावा, पशुसंवर्धनच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे.

उन्हाळ्यात फिरवणं सकाळी सातच्या आत. मातीच्या पसरट भांड्यात पाणी, सावलीत ओलं पोतं. जीभ लालभडक, चाल डगमगली, पडलं, तर पोटावर आणि पायांवर साधं गार पाणी ओतत राहायचं, बर्फ नाही, वारा घालायचा आणि दवाखाना.

आणि कुत्रं कोणाला चावलं, आपलं असो की गावातलं, लसवालं असो की नसो, जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मिरचीपूड, चुना, हळद काही भरू नका. लगेच सरकारी दवाखाना, तिथं इंजेक्शन फुकट असते. कातडीत देतात ती चार वेळा, पहिली त्याच दिवशी, मग त्यानंतर तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी, जखम रक्ताची असेल तर जखमेत पण एक वेगळं इंजेक्शन लागते, ते मागून घ्या. दोन घेतले आणि बरं वाटते म्हणून सोडले असं करू नका. रेबीज एकदा झाला की माणूस वाचत नाही.

एक छोटी गोष्ट, रानातला ससा, पोपट, मोराचं पिल्लू, रोह्याचं (नीलगायीचं) वासरू सापडलं म्हणून घरी पाळायला ठेवू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. वन विभागाचा नंबर १९२६.

कितीही करून नाही जमलं, घरात कोणाला दम्याचा त्रास निघाला, कुत्रं बकऱ्यांना चावायला लागलं, तर शेल्टरला फोन करा आणि परत द्या. त्यात लाज नाही, ते रागावले तरी ऐकून घ्या, पण दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडून येऊ नका.

महिन्याभरानं शेल्टरचा फोन येते, कुत्र्याचा फोटो मागतात. पाठवत जा, त्या लोकांना तेवढंच पाहिजे असते. मी अजूनही पाठवते, मागच्या वेळचा दुपारचा होता, सासूबाई बाजेवर झोपल्या होत्या आणि त्यांचा एक हात खाली मैनाच्या पाठीवर.